सपाट, रिकामी आणि कोणाचीच नसलेली जागा

एका माणसानं स्वतःच्या शेतात स्वतःच्या हातानं लावलेली आग मी विझवली. सहा किलोचं अग्निशामक नळकांडं तिच्यावर रिकामं केलं आणि विझल्यावर कपाळाचा घाम पुसत त्याच्यासमोर उभा राहिलो. मला वाटलं, आता हा माझे आभार मानील.

त्यानं मानले नाहीत. तो नुसता बघत राहिला. बोलली ती त्याची बायको, पण तिचं बोलणं पुढे येईल. एवढा मोठा मूर्खपणा काही एका पहाटेत होत नाही, त्याला तयारी लागते. मी दोन महिने तयारी केली होती.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात माझी तीस वर्षं गेली. आधी फिटर होतो, मग मेंटेनन्सला, आणि शेवटची नऊ वर्षं सेफ्टीचा माणूस. म्हणजे ज्याला लांबून बघून लोक हेल्मेट डोक्यावर चढवतात आणि त्याची पाठ वळली की काढून बाजूला ठेवतात, तो. आमचं घर वसाहतीला लागूनच, कुंभवलीत. बायको सातपाटीची, कोळ्याच्या घरातली. तिचा धाकटा भाऊ समुद्र सोडून बोईसरात शिफ्टच्या बसगाड्या चालवायला लागला, आणि त्याचीच एक छोटी बस पहिल्या पाळीची माणसं न्यायला कित्येक वर्षं आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहायची. बरोबर सव्वापाचला. तिथून ड्रायव्हर एक लांबलचक भोंगा द्यायचा. भोंगा माझ्यासाठी असायचा, उठायची बायको. मला हलवायचं, चहा पाजायचा, डबा हातात कोंबायचा आणि दाराबाहेर ढकलायचं हे सगळं ती अर्धवट झोपेत करायची आणि मी पूर्ण झोपेत. रात्रपाळी असली की मी दिवसभर घोरायचो आणि ती पोरांना गप्प बसवायची. शिवाय तिचा स्वतःचा धंदा होताच, बोईसरच्या बाजारात सुक्या मासळीची पाटी. थोडक्यात, लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि ही बाई एकदाही उजाडेपर्यंत झोपली नव्हती. हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं सांगितलं तेव्हा कळलं, आणि तिनं सांगितलं ते भांडणात.

भांडण झालं त्याच बसवरून. बस म्हातारी झाली, कंपन्यांना नव्या गाड्या हव्या झाल्या आणि मेहुणा ती काढायला निघाला. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात दिवसातून तीनदा गॅसची नळी तपासत होतो. मी म्हटलं, बस मला दे, मी तिचं घर करतो. चाकांवरचं घर. डोंगरात हिंडू, जिथं संध्याकाळ होईल तिथं मुक्काम. मेहुण्यानं कागद रीतसर करून दिले, पण बजावलं की पावसाच्या आत काय ते ठरवा. नको असेल तर एका ठेकेदाराला माणसं न्यायला गाडी हवी आहे, मी ती परत सीटा बसवून शिफ्टला लावीन.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि मग एकतीस वर्षांचं काढलं. शेवटी म्हणाली, "चार रात्री देते. त्यातली एक, एकच रात्र, मी झोपले की डोळे सरळ उजेडाला उघडले पायजेत. तसं झालं तर गाडी आपली. नाय झालं तर भावाला परत. आनि आधी तो भोंगा काढा."

पहिल्या दोन गोष्टी मी मान्य केल्या. भोंगा काढायला मात्र नकार दिला. घाटाच्या वळणावर भोंगा नसेल तर काय होतं, यावर तिला दहा मिनिटं सांगितलं. माझ्या बोलण्यात एकही चूक नव्हती. मी अशाच वेळी सगळ्यात जास्त फसतो.

गाडीचं घर मी झोकात केलं. सीटा काढल्या, प्लायवूडची दोन बाकडी ठोकली, त्याखाली पाण्याचा ड्रम, कोपऱ्यात शेगडी, खिडक्यांना बायकोच्या जुन्या साड्यांचे पडदे. मागच्या दाराच्या डोक्यावरची 'कामगारांनी रांगेत चढावे' ही पाटी काढताना पत्रा उचकटायला लागला म्हणून ती तशीच ठेवली. बायको रोज रात्री एकटीच रांगेत चढायची.

आता मुक्कामाच्या जागा. इथं माझ्यातला सेफ्टीचा माणूस जागा झाला. जव्हार, मोखाडा, खोडाळा ते पार घाटमाथा, एवढा सगळा डोंगर मी मोबाईलवर उपग्रहाच्या डोळ्यांनी बघून काढला. बोटानं मोठं करायचं, लहान करायचं, आणि कुठं भुरकट, सपाट, झाडं नसलेला चौकोन दिसला की टिपून ठेवायचा. प्रत्येक जागेला तक्त्यात एक ओळ, ओळीत चौदा रकाने. जमिनीचा उतार, पाण्याचं अंतर, वाऱ्याची दिशा, बाहेर पडायचा दुसरा रस्ता. वाऱ्याची दिशा कशाला, असं कोणी विचारील. कुंभवलीत राहणारा विचारणार नाही. आम्ही खिडकी सताड उघडायच्या आधी कारखान्यांचा वास कुठून येतोय ते बघायला नाक बाहेर काढतो. शेवटचा रकाना असेंब्ली पॉइंटचा होता. कारखान्यात धोक्याचा भोंगा झाला की सगळ्यांनी जिथं जमायचं आणि डोकी मोजायची, ती जागा. बायकोनं फाइल वाचली, तेवढ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, आपण दोघंच जाणार, जमायला जागा कशाला पायजे, मी तुमच्या बाजूलाच आसेन. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

मग तिनं तिच्या पद्धतीचं एक वाक्य टाकलं. सातपाटीत होडी नांगरायची तर आधी बाजूच्या होडीवाल्याला विचारतात, तुझा दोर कुठवर जातो. ओहोटीला होडी नांगराभोवती फिरते. न विचारता नांगर टाकला तर सकाळी दोन्ही होड्यांची टाळकी एकमेकांवर. "तुमी कोनाला इचारलंत काय?"

विचारायचं कोणाला, मी म्हटलं. मी निवडलेल्या जागा सपाट आहेत, रिकाम्या आहेत आणि कोणाच्याच नाहीत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. मनोर मागे पडलं, विक्रमगड मागे पडलं, घाट सुरू झाला आणि मी प्रत्येक वळणावर भोंगा दिला, बायकोला दाखवायला. ती प्रत्येक भोंग्याला डोळे मिटायची. जव्हारच्या अलीकडे एका गावाबाहेर माझा पहिला चौकोन होता. जाऊन बघतो तो अगदी चित्रासारखा. फुटबॉल खेळता येईल एवढं मैदान, कडेला मोठा आंबा, पाण्याचा नळ, आणि चिटपाखरू नाही. मी रकान्यांत बरोबरच्या खुणा करत गेलो. चौदापैकी चौदा. बायकोनं बोंबलाचं कालवण केलं, आम्ही दार उघडं टाकून जेवलो, आणि ती नऊच्या आत आडवी झाली.

पहाटे चारला बाहेर कोंबडे आरवायला लागले. एक नाही, वीसपंचवीस, आणि सगळे आमच्या चाकाखालून. मी पडदा सारला. मैदानात कंदील, टेम्पो, बकऱ्या, टोपल्या. एका बांगडीवाल्यानं आमच्या आरशाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक आंब्याला नेलं होतं, आणि मधल्या दोरीवर गजरे आणि रिबिनी लटकत होत्या. गावाचा आठवडी बाजार होता. उपग्रहानं आठवड्यातल्या उरलेल्या सहा दिवसांपैकी कुठल्या तरी दिवशी फोटो काढला असणार. मी बांगडीवाल्याला ऐटीत म्हटलं की ही आमची राहायची गाडी आहे. त्यानं विचारलं, मग बाजारात का राहता.

पहिली रात्र गेली. मी बायकोची समजूत कशी घालायची याची वाक्यं जुळवत आत वळलो, तर ती जागेवर नव्हती. मागच्या दारात पाय सोडून बसली होती आणि समोर चार बायका उभ्या. तिनं घरासाठी घेतलेल्या सुकटीचा आणि बोंबलांचा डबा उघडला होता. त्या बायकांना वाटलं होतं, गाडी मासळीची आहे. हिनं त्यांचा गैरसमज दूर करायच्या ऐवजी वजनकाटा नसल्याबद्दल माफी मागितली आणि पेल्यानं मोजून द्यायला लागली. समुद्राची सुकट एवढ्या वर कोण आणतंय, असं म्हणत बायका वास घेऊन घेऊन नेत होत्या. आठपर्यंत बदल्यात आमच्याकडे दोन लाल भोपळे, एक कोंबडा, मोहाची फुलं आणि पाटीभर कैऱ्या जमल्या. कोंबडा मी हात जोडून परत केला. बायकोचा चेहरा फुलला होता, पण हिशेबाला ती पक्की. गाडी सुटताना तीन बोटं दाखवून म्हणाली, आता तीन.

दुसरा चौकोन मोखाड्याच्या पुढे, एका पाड्याच्या टोकाला. रस्ता तिथं संपत होता आणि संपताना मोठा होत होता, छान गोल. इतका गोल डांबरी चौक डोंगराच्या टोकाला कोणी आणि का केला असेल, हा प्रश्न नऊ वर्षं सेफ्टीत काढलेल्या माणसाला पडायला हवा होता. मला त्यात फक्त वळायची सोय दिसली. बाजार भरेल का म्हणून मी चारी बाजूंना बघितलं, बाजाराची खूण नव्हती. खूश झालो.

आठच्या सुमारास मुक्कामाची लाल बस आली. रोज संध्याकाळी ती तिथं येते, वळते, रात्रभर झोपते आणि पहाटे तालुक्याला जाते. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, राहू द्या आता, मी बाजूला लावतो. अशी बाजूला लावली की आमचं पुढचं दार दोन वीत उघडत होतं. त्यालाही काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आम्ही मागच्या दारानं ये-जा केली, आणि हवा यावी म्हणून मी ते मागचं दार उघडंच टाकून झोपलो.

पहाटे मला कोणीतरी पाय सरकवायला सांगितलं. मी सरकवले. मग लक्षात आलं की हा आवाज बायकोचा नाही. माझ्या बाकड्यावर एक म्हातारी टोपली मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या शेजारी दुसरी, आणि दारात एक मास्तर, रांगेत उभे असल्यासारखे, पाटी वाचत. पुढची म्हातारी मला म्हणाली, गादी घातली ते बेस केलं, आता तिकीट वाढवू नका म्हणजे झालं. बायको समोरच्या बाकड्यावर उठून बसली होती, चादर गळ्यापर्यंत ओढून, आणि हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत. मी तिला इतकं हसताना बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. पण खरी लाल बस सुटताना ड्रायव्हरनं भोंगा दिला, लांब, आमच्या गल्लीतल्यासारखा, आणि तिचं हसू एकदम थांबलं. मग तिनं दोन बोटं दाखवली.

तिसऱ्या दिवशी मी शहाणा झालो, म्हणजे माझ्या मते. फाइलीतले सगळे डांबरी आणि सगळे मोकळे चौकोन खोडले. खोडाळ्याच्या वाटेवर एक बैलगाडीचा रस्ता आत जात होता. आत पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं, काढणी होऊन कोरडी पडलेली, टेकडीच्या आडोशाला एक घर, लांबवर एक नदी. ना बाजार ना बस. घराला कुलूप होतं. बायको म्हणाली, थांबू, घरची मानसं येऊ देत, इचारू. मी म्हटलं, खाचर कोरडं आहे, पीक नाही, कोणाला काय त्रास? वरच्या पायरीवर गाडी लावली. खालच्या पायरीवर दोन गाड्या मावतील एवढ्या जागेत पाला, वाळक्या फांद्या आणि गवत नीट पसरून वर माती भुरभुरली होती. मला ते बघून बरं वाटलं. कचरा एका जागी गोळा केलेला होता. हाउसकीपिंग चांगलं, असं मी बायकोला म्हटल्याचं मला आठवतं.

त्या संध्याकाळी वारा असा मऊ होता की विचारू नका. कैऱ्या मीठ लावून खाल्ल्या. खाली नदीवर कुणाच्या तरी म्हशी डुंबत होत्या. बायको आडवी झाली आणि बोलता बोलता, वाक्याच्या मधेच, झोपली. घरची माणसं केव्हा आली ते मलाही कळलं नाही.

मी मात्र सवयीनं पाचला जागा झालो. बाहेर अंधार फिकट व्हायला लागला होता. बायको भिंतीकडे तोंड करून, हात गालाखाली घेऊन झोपली होती. भोंगा नाही, कोंबडा नाही, म्हातारी नाही. मी श्वास रोखून बसलो. अर्धा तास गेला. आता जेमतेम अर्धा तास, मग उजाडेल आणि गाडी आमची. मी मनातल्या मनात गाडीला रंगसुद्धा देऊन टाकला.

आणि खिडकीतून धूर दिसला.

कारखान्यात तीस वर्षं एकच गोष्ट हाडात भरली जाते. धूर दिसला की विचार करायचा नाही. मी तीनदा ओरडलो, फायर, फायर, फायर, कारण तीनदाच ओरडायचं असतं. मग ड्रायव्हरच्या सीटवर उडी मारली आणि भोंगा दाबून धरला, पूर्ण एक मिनिट, कारण एक मिनिटच दाबायचा असतो. मग नळकांडं काढलं, पिन ओढली, खालच्या पायरीवर उतरलो आणि झाडू मारल्यासारखी नळी फिरवत त्या पाल्याची आग पांढऱ्या पिठाखाली झोपवली. जिथं अजून धुगधुगत होतं तिथं ड्रममधलं पाणी बादलीनं आणून ओतलं. वयाच्या साठीत इतकं चपळ मला कोणी बघितलं नव्हतं. समोर लुंगीतला एक माणूस हातात पेटता टेंभा घेऊन उभा होता. मला वाटलं, बिचारा घाबरला.

राब होता तो. मी कामगारांच्या चाळीत वाढलेला, भात मला ताटातलंच ठाऊक. डोंगरात भाताची रोपं टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, टहाळ, पाला, गवत आणि माती असे थर देऊन ते जाळतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, मग पाऊस लागायच्या तोंडावर त्या राखेत बी. पाला हिवाळ्यापासून गोळा होत असतो. राब पेटवायचा वारा पडलेला असताना, तोही वाऱ्याच्या उलट्या अंगानं, म्हणजे सावकाश जळतो. हे मला त्या माणसानंच नंतर सांगितलं. आणि हेही सांगितलं की रात्री घरी आल्यावर गाडी दिसली, वारा आमच्या उलट दिशेला होता म्हणून काळजी नव्हती, पण पडदे लावलेले बघून पाहुणे निजलेत असं वाटलं, म्हणून त्यांनी आवाज न करता राब पेटवला होता. कुत्र्यालासुद्धा घरात कोंडलं होतं.

घरातून त्याची बायको आली. चाळिशीची, सडसडीत, कासोटा मारलेली. तिनं राबाकडे बघितलं. तीनातले दोन भाग जळून काळे झाले होते आणि तिसरा, पीठ आणि पाणी लागून, तळायला घेतलेल्या बोंबलासारखा दिसत होता. मग तिनं माझ्याकडे, म्हणजे माझ्या टकलाकडे बघितलं.

"आता भात काय तुमच्या डोक्यावर पेरू?"

मागे माझी बायको येऊन उभी राहिली होती. केस सुटलेले, डोळे लाल. उजाडायला अजून दहा मिनिटं असतील नसतील. मी तिच्या बोटांकडे बघायचं टाळलं. तिनंही ती दाखवली नाहीत, तेच जास्त लागलं. ती सरळ त्या बाईकडे गेली, तिचा हात धरला आणि म्हणाली, "बाय, पाला कुठं भेटंल ते सांग. हा माणूस आनून देईल."

मी दिवसभर पाला आणला. डोंगराच्या कुशीत ऐनाची आणि सागाची वाळकी पानं असतात, ती जुन्या लुगड्यात बांधून डोक्यावर घ्यायची आणि उतरायचं. घरमालकीण एका खेपेत जेवढा पाला आणायची तेवढा माझ्या तीन खेपांत यायचा, कारण माझं गाठोडं वाटेत अर्धं सांडायचं. मी कुठून आलो ते शोधायला कोणाला त्रास पडला नसता, वाटभर पानं होती. नवरा वरून टहाळ तोडून देत होता आणि प्रत्येक वेळी न चुकता विचारायचा, भाऊ, दमलात का. मी नाही म्हणायचो. मग तो आणखी एक बांधायचा. बायकोच्या डोक्यावरचं मात्र एक पानही पडलं नाही. मासळीची पाटी घेऊन धावत्या गर्दीतून गेलेली बाई ती, हात न लावता चालत होती आणि वर मालकिणीशी गप्पा मारत होती. दुपारी हिनं सुकट भाजली, त्यांनी नाचणीची भाकरी आणि कैरीची चटणी काढली. मालकिणीनं सुकटीचा पहिला घास खाल्ला आणि नवऱ्याला म्हणाली की आग विझली ते एका परीनं बरंच झालं.

संध्याकाळपर्यंत ओला थर खरवडून नवे थर पडले. एका कोपऱ्यात थोडं कमी पडत होतं. मी गाडीत गेलो आणि मुक्कामाची फाइल घेऊन आलो. चौदा रकान्यांची चाळीस पानं. नवऱ्यानं ती हातात तोलली, खूश झाला, आणि एकेक पान सुटं करून गवताखाली पसरली. वरचं प्लास्टिकमधलं पान तेवढं परत दिलं. म्हणाला, प्लास्टिक नको, शेत हाय. त्या पानावर मी मोठ्या अक्षरांत 'असेंब्ली पॉइंट' लिहिलं होतं.

ती चौथी रात्र. फाइल नव्हती, म्हणून जागा निवडायचा प्रश्नच आला नाही. मालकिणीनं सारवलेल्या अंगणात हिच्यासाठी चटई टाकली, वर गोधडी, आणि स्वतः शेजारी पडली. मी गाडीत जायला निघालो तेव्हा मालकिणीनं हात पुढे केला. मला कळेना. "गाडीची किल्ली द्या," ती म्हणाली. मी सांगितलं, बाई, भोंगा किल्लीशिवायही वाजतो. हे सांगायला नको होतं. तिच्या नवऱ्यानं पान्यानं भोंग्याची वायर सोडवली आणि दोन्ही वस्तू तिच्या कमरेला गेल्या.

पहाटे मला उठवून, खांद्याला धरून, घराजवळच्या आंब्याखालच्या एका दगडावर बसवण्यात आलं. हलायचं नाही, खोकायचं नाही. राब पुन्हा पेटला. आग आधी नुसती कडेनं चालत गेली, म्हातारं माणूस अंगणात चालतं तशी, मग तिला माझी फाइल सापडली आणि तिनं जरा उडी घेतली. माझे पाय आपोआप उठायला बघत होते. मी दगड दोन्ही हातांनी धरून ठेवला. धूर नदीकडे गेला. उजाडलं. मी अंगणाकडे बघितलं. ती झोपली होती.

सूर्य टेकडीवर आला. घरमालक पाण्याचा हंडा दोन हातांनी उचलून चालला, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. मालकिणीनं चूल पेटवली पण फुंकणीनं फुंकली नाही, वारा घालत बसली. एक करडू जाऊन बायकोच्या पायांचा वास घेऊन आलं. ऊन आधी तिच्या पावलांवर आलं, मग गोधडीवर चढलं, मग हातावर. मी त्या दगडावर बसून, साठीचा माणूस, डोळे पुसत होतो आणि कोणी विचारलं तर धुरानं झालं असं सांगायचं ठरवत होतो. धूर उलटीकडे जात होता हे मला माहीत होतं.

ऊन तोंडावर आलं तेव्हा ती दचकून उठली. बाजाराला उशीर झाल्यासारखी केस बांधायला लागली. "किती वाजले?"

"वाजले नाय काय," मालकीण म्हणाली. "ऊन आलं."

बायको तशीच बसून राहिली, हात केसांत. मग पुन्हा आडवी झाली. झोपायला नाही, नुसतंच. थोड्या वेळानं तिनं वर बघत, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगितलं की गाडी ऱ्हाऊ दे, भावाला सांगा दुसरी बघ.

मी दगडावरून उठलो. खरं म्हणजे तिथंच थांबायला हवं होतं. ती गाडीत झोपली नव्हती, अंगणात झोपली होती, हा मुद्दा कोणी काढला नव्हता, आणि तो न काढण्यातच माझा फायदा होता. पण माणसाचा स्वभाव. चहा पिताना मी सगळ्यांना ऐकवलं की शेवटी काय, चाळीस पानांतून ही जागा शोधली कोणी? उपग्रहातून एवढा चौकोन हुडकून काढायला नजर लागते. नवरा माझ्याकडे त्या पहाटेसारखाच बघत राहिला. बायको चहात बघत होती.

निघताना भोंग्याची वायर कोणी परत मागितली नाही. ती मालकिणीकडेच राहिली, वालाच्या शेंगा टांगून सुकवायला. किल्ली मात्र तिनं दिली, माझ्या हातात नाही, बायकोच्या. मी अदबीनं विचारलं, पुढच्या वर्षी राबाच्या वेळेला पुन्हा आलो तर चालेल ना?

तिनं जरा विचार केला.

"ताईला धाडा. गाडी पन धाडा, भाऊ हाय ना तिचा चालवायला. तुमी नाय आलं तरी चालंल."